घरात मराठी बातम्या, दारात लायसन्सचा तपासनीस: ब्रिटनमधल्या एका मराठी घराचं प्रकरण

लंडनच्या पश्चिमेला स्लावमध्ये भाड्याच्या फ्लॅटात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाचं हे प्रकरण आहे, आणि ते आहे टीव्ही लायसन्सचं: ब्रिटनमध्ये थेट टीव्ही बघायला दरवर्षी पैसे भरून घ्यावा लागणारा परवाना, ज्यातून मुख्यतः बीबीसीचा खर्च चालतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नियम, दर आणि घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे. ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्या किंवा आई-वडिलांना सहा महिन्यांच्या व्हिसावर बोलावणाऱ्या बऱ्याच घरांत थोड्याफार फरकाने हेच घडतं.

पार्श्वभूमी

मुलगा आयटीत, सून रुग्णालयात नर्स, चार वर्षांची नात. 2023 च्या सप्टेंबरात त्यांनी हा फ्लॅट घेतला. भाडेकरार मुलाच्या एकट्याच्या नावावर होता. पहिल्याच महिन्यात ‘कायदेशीर रहिवासी’ अशा नावाने टीव्ही लायसन्सचं पत्र आलं, मग दुसरं, मग लाल पट्टी असलेलं तिसरं. अशी पत्रं लायसन्स नसलेल्या प्रत्येक पत्त्यावर जातात. त्यात संशय वगैरे काही नसतो.

मुलाने नियम वाचला. घरात स्मार्ट टीव्ही होता, अँटेना नव्हता. बघितलं जायचं ते नेटफ्लिक्स, यूट्यूबवरची गाणी आणि मराठी मालिकांचे नंतर टाकलेले भाग. यातल्या कशालाही लायसन्स लागत नाही. त्याने ऑनलाइन ‘लायसन्सची गरज नाही’ असं कळवलं आणि पत्रं थांबली. ही नोंद साधारण दोन वर्षं चालते, मग पुन्हा विचारणा होते. मधल्या काळात खात्री करायला माणूस घरी येऊ शकतो, हे त्याच पानावर लिहिलेलं असतं. ते सहसा कोणी वाचत नाही.

नियम नेमका काय म्हणतो

दोन गोष्टींसाठी लायसन्स लागतं. पहिली, कुठल्याही वाहिनीचा कार्यक्रम तो प्रक्षेपित होत असतानाच बघणं किंवा रेकॉर्ड करणं. दुसरी, बीबीसी आयप्लेअरवर, म्हणजे बीबीसीच्या ऑनलाइन सेवेवर, काहीही बघणं, मग ते थेट असो वा जुनं. आयप्लेअरवरचे जुने कार्यक्रम 1 सप्टेंबर 2016 पर्यंत लायसन्सविना बघता यायचे, ती पळवाट त्या दिवशी बंद झाली. रेडिओला काहीच लागत नाही. फक्त रेडिओचं लायसन्स 1971 मध्येच रद्द झालं.

घोळ होतो तो ‘कुठल्याही वाहिनीचा’ या शब्दांवर. वाहिनी बीबीसीचीच असली पाहिजे असं नाही, ब्रिटिश असली पाहिजे असंही नाही. मुंबईतल्या स्टुडिओतून चाललेलं मराठी बातमीपत्र यूट्यूबवर थेट बघितलं, तरी बघणारा ब्रिटनमध्ये बसला आहे म्हणून लायसन्स लागतं. फोन, लॅपटॉप, टॅबलेट, टीव्हीला लावलेली स्टिक, सगळ्यांना नियम एकच. व्हीपीएन लावून भारतातलं अॅप चालवलं तरी बसलेली जागा बदलत नाही. स्काय किंवा तत्सम सेवेला भरलेले पैसेही यात धरले जात नाहीत. ते वेगळे, लायसन्स वेगळं.

एका पत्त्याला एक लायसन्स. घरात चार टीव्ही असोत वा एक फोन. 1 एप्रिल 2025 पासून त्याचा वर्षाचा दर 174.50 पौंड होता.

अडचण कुठे उभी राहिली

मे 2025 च्या पहिल्या आठवड्यात आई-बाबा आले. बाबा 76 वर्षांचे, आई 71. त्याच आठवड्यात भारत-पाकिस्तान तणाव शिगेला पोचला होता आणि बाबांनी टीव्हीवर मराठी बातम्या लावल्या त्या लावल्याच. उन्हाळ्यात भारताची वेळ साडेचार तास पुढे असते, म्हणून रात्री नऊचं बातमीपत्र स्लावमध्ये दुपारी साडेचारला यायचं. मग तोच नेम झाला: साडेचारचा चहा आणि बातम्या.

जूनमध्ये भारताचा संघ पाच कसोटींसाठी इंग्लंडात आला. 20 जूनला लीड्सची पहिली कसोटी सुरू झाली आणि मुलाने स्काय स्पोर्ट्सचा महिन्याचा पास घेतला. पैसे भरलेत म्हणजे सगळं नियमात आहे, असं घरात सर्वांनी धरून चाललं. 6 जुलैला आषाढी एकादशी होती. पंढरपूरची पहाटेची शासकीय महापूजा म्हणजे स्लावमध्ये आदल्या रात्रीचे साडेनऊ-दहा. आईंनी ती सह्याद्री वाहिनीवर थेट बघितली.

आता हे तिन्ही प्रकार लायसन्सच्या कक्षेत येतात: बातम्या, कसोटी आणि महापूजा. महापूजेचा तोच व्हिडिओ दुसऱ्या दिवशी बघितला असता तर लायसन्सची गरज नव्हती. देवस्थानाच्या स्वतःच्या कॅमेऱ्यावरचं दर्शन वाहिनीच्या कार्यक्रमात मोडत नाही, त्यामुळे तेही चाललं असतं. कसोटीचं धावतं वर्णन बीबीसी रेडिओवर दिवसभर फुकट ऐकता आलं असतं. फरक इतका बारीक आहे, आणि रिमोट हातात असलेल्या माणसाला तो दिसत नाही. यूट्यूबवर थेट आणि जुनं एकाच रांगेत येतं. ‘लाइव्ह’ ही लाल चिठ्ठी कोपऱ्यात असते, तेवढंच.

मुलाला मनात शंका होती. एकदा त्याने विषय काढलाही. बाबांचं म्हणणं सरळ होतं: “अरे, बातम्या आपल्या, चॅनल आपलं, इंटरनेटचं बिल तू भरतोस. बीबीसीचा संबंध काय?” त्यावर मुलाकडे उत्तर नव्हतं आणि विषय तिथेच राहिला. प्रकरणाची खरी सुरुवात या न झालेल्या चर्चेत आहे. 2023 ची नोंद दिली त्या दिवशी खरी होती. मे 2025 मध्ये ती खोटी झाली आणि कोणी बदलली नाही.

दारातली वीस मिनिटं

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, पावणेपाचच्या सुमाराला बेल वाजली. मुलगा ऑफिसात होता. रात्रपाळी करून झोपलेली सून उठून दारात गेली. गळ्यात ओळखपत्र घातलेला माणूस होता. लायसन्स नसल्याची नोंद तपासायला आल्याचं त्याने सांगितलं. मागून बातम्यांचा आवाज येत होता. तिने त्याला आत घेतलं.

त्या वेळी तिला पुढच्या गोष्टी ठाऊक असत्या तर बरं झालं असतं. बीबीसी हे काम कंत्राटदार कंपनीकडून करून घेते, हा माणूस तिचा कर्मचारी असतो, पोलीस नसतो. परवानगीशिवाय त्याला आत पाऊल टाकता येत नाही. आत यायचंच असेल तर मॅजिस्ट्रेटकडून झडतीचं वॉरंट आणावं लागतं आणि त्यासाठी आधी ठोस कारण दाखवावं लागतं. प्रश्नांची उत्तरं देण्याचं बंधनही नाही. ओळखपत्र बघून, “घरातल्यांशी बोलून आम्ही लेखी कळवतो” असं सांगून दार लावणं कायद्यात बसतं.

आत आल्यावर त्याने प्रथम सूचना वाचून दाखवली की तुम्ही बोलाल ते पुरावा म्हणून वापरलं जाऊ शकतं. मग फॉर्म काढला. नाव, जन्मतारीख, टीव्ही शेवटचा कधी बघितला, किती दिवसांपासून, कुठली वाहिनी. सुनेने खरं ते सांगितलं: मेपासून, रोज, सासरे बघतात. खाली सही केली. सहीआधी पूर्ण वाचलं नाही, प्रत मात्र हातात आली आणि ती तिने जपून ठेवली. पुढे ती उपयोगी पडली.

इथला निर्णय तपासण्यासारखा आहे. खरं बोलणं चुकीचं नव्हतं. पण भाडेकरार नवऱ्याच्या नावावर, जुनी नोंद नवऱ्याने दिलेली, बघणारे सासरे, आणि जबाब तिच्या नावावर. 2003 च्या ‘कम्युनिकेशन्स अॅक्ट’ या कायद्याच्या कलम 363 प्रमाणे लायसन्सविना टीव्ही वापरणारा तर दोषी ठरतोच, पण दुसरा वापरणार हे माहीत असून संच ताब्यात ठेवणाराही ठरू शकतो. त्यामुळे “मी बघत नाही, सासरे बघतात” या वाक्याने तिची सुटका होत नव्हती, उलट तिला माहीत होतं हेच नोंदलं गेलं. या गुन्ह्यात इंग्लंड आणि वेल्समध्ये शिक्षा झालेल्यांत वर्षानुवर्षं जवळपास तीन चतुर्थांश बायका असतात. बीबीसीने या तफावतीची चौकशी दोनदा करून घेतली आहे. दिवसा घरी कोण असतं आणि दार कोण उघडतं, याचं उत्तर त्या आकड्यात बरंचसं सापडतं.

समोर असलेले पर्याय

रात्री जेवणानंतर चौघं बसले. फॉर्म टेबलावर होता.

पहिला पर्याय होता काहीच न करण्याचा. पत्र येईल तेव्हा बघू. हा टिकला नाही, कारण धोका मोजता येत होता. दंड कमाल 1000 पौंड, वर खटल्याचा खर्च आणि अधिभार. अशी प्रकरणं बहुधा एकाच मॅजिस्ट्रेटसमोर, कोर्टात न बोलावता, कागदांवर निकाली निघतात. नोटीस आल्यावर उत्तराला 21 दिवस मिळतात. पाकीट न उघडता पडून राहिलं तर निकाल आपल्याविना लागतो. या गुन्ह्यासाठी तुरुंग नाही, दंड बुडवला तरच तो प्रश्न येतो. पण सुनेला वेगळी धास्ती होती. कायमच्या वास्तव्याचा अर्ज दीड वर्षावर आला होता आणि त्या अर्जात झालेल्या शिक्षा आणि दंड सांगावे लागतात. 174 पौंडांसाठी तिथे एक ओळ भरायची वेळ कोणालाच नको होती.

दुसरा पर्याय, थेट बघणं आजपासून बंद. बाबा रागाने म्हणाले, “मग टीव्ही काढूनच टाका.” कायद्याने हा पर्याय पूर्ण चालतो आणि त्यात एक पैसाही जात नाही. अडचण अंमलाची होती. यूट्यूबवर फक्त थेट प्रक्षेपण बंद करण्याचं बटण नाही. दोघं कामावर असताना 76 वर्षांच्या माणसाच्या रिमोटवर लक्ष कोण ठेवणार? कसोटी मालिका चालू होती. आणि गेल्या अडीच महिन्यांचं जे फॉर्मवर लिहून गेलं होतं, ते याने पुसलं जात नव्हतं.

तिसरा पर्याय बाबांच्या वयाचा. 75 च्या वरच्यांना लायसन्स फुकट असतं, असं शेजारच्या गुजराती काकांनी सांगितलं होतं. ते 31 जुलै 2020 पर्यंत खरं होतं. त्यानंतर फक्त पेन्शन क्रेडिट ही सरकारी मदत मिळणाऱ्या ज्येष्ठांना ते फुकट आहे. पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाला ती मदत मिळतच नाही. काका पाच वर्षं जुनी माहिती सांगत होते आणि मनापासून सांगत होते. अशी माहिती सर्वात जास्त फसवते.

चौथा पर्याय मुलाने गमतीत काढला: कृष्णधवल लायसन्स. ते खरंच अजून मिळतं, तेव्हा 58.50 पौंडांना. पण संच रंगीत चित्र दाखवू शकत असेल तर रंगीतच लायसन्स लागतं. स्मार्ट टीव्हीचा रंग घालवून पैसे वाचत नाहीत.

उरलं ते पूर्ण लायसन्स. एकरकमी 174.50. तिमाही हप्त्यांनी घेतलं तर प्रत्येक हप्त्याला सव्वा पौंड जास्त, म्हणजे वर्षाला 179.50. मासिक हप्त्यांना जादा आकार नाही, पण पहिल्या वर्षी रक्कम सहाच महिन्यांत वसूल होते, महिन्याला 29 पौंडांच्या आसपास. त्यानंतर ती तेव्हाच्या दराने 14.54 वर यायची. पहिल्या हप्त्यात दुप्पट रक्कम बघून बरेच लोक फोन करतात. त्यात चूक काही नसते, योजनाच तशी आहे.

काय केलं

त्याच रात्री मुलाने मासिक हप्त्यावर लायसन्स घेतलं. पत्ता अधिकृत संकेतस्थळाचा स्वतः टाइप करून, ईमेलमधल्या दुव्यावरून नाही. लायसन्सच्या नावाने बनावट ईमेल ब्रिटनमध्ये कायम फिरत असतात. ‘तुमचा हप्ता फसला, कार्डाचा तपशील पुन्हा द्या’ हा त्यांचा नेहमीचा साचा.

एक बारीक गोष्ट इथे कळली. लायसन्सचं वर्ष महिन्याच्या हिशोबाने चालतं. जुलैच्या 24 ला घेतलं काय आणि 1 ला घेतलं काय, संपतं 30 जूनलाच. महिनाअखेर असेल आणि खरोखरच अजून काही थेट बघितलं नसेल, तर चार दिवस थांबून 1 तारखेला घेतल्यास एक महिना पदरात पडतो. या घराला ती सवलत नव्हती, बघणं चालूच होतं.

दुसऱ्या दिवशी पत्र लिहिलं. त्यात तीन गोष्टी होत्या: लायसन्सचा क्रमांक आणि तारीख, 2023 ची नोंद दिली तेव्हाची परिस्थिती, आणि आई-बाबा कधी आले त्याची तारीख. सबब नाही, बीबीसीवर टीका नाही. फॉर्मची प्रत सोबत जोडली. सही सुनेची, कारण जबाब तिचा होता. लायसन्स मात्र मुलाच्या नावावर होतं. दोन नावांचा एकच पत्ता आहे हे पत्रात स्पष्ट लिहिलं, नाहीतर क्रमांक कोणाच्या प्रकरणाला जोडायचा यावर गोंधळ झाला असता.

मागच्या अडीच महिन्यांचे पैसे भरावे लागले नाहीत. लायसन्स ही थकबाकी नसते, मागचं वसूल करण्याची पद्धत नाही. प्रश्न गुन्ह्याचा असतो, आणि तो तेवढाच असतो.

वर्गणीचा वाद

पत्र गेलं तरी बाबांचा मूळ मुद्दा उरलाच, आणि तो पोकळ नाही. पुण्यात ते डीटीएचवर हव्या त्या वाहिन्या निवडतात. 2019 पासून ट्राय या नियामक संस्थेच्या नियमांनी प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत छापलेली असते, नको ती काढता येते. “जो बघेल तो भरेल. बीबीसीने पण तसंच करावं. आम्ही तिचं काही बघत नाही, तर पैसे का?”

सुनेने त्यांना एक आठवण करून दिली. भारतातही रेडिओ आणि टीव्हीचं लायसन्स होतं, पोस्टात जाऊन पुस्तिकेवर शिक्का मारून घ्यायचे. ऐंशीच्या दशकात ते गेलं. पण दूरदर्शनचा खर्च गेला नाही, तो सरकारी तिजोरीवर गेला. प्रसारभारती आज मुख्यतः केंद्राच्या अनुदानावर आणि थोडी जाहिरातींवर चालते. सह्याद्री न बघणाराही तिचे पैसे भरतो, फक्त पावती मिळत नाही. आणि पैसे सरकारच्या हातून येतात तेव्हा बातम्यांचा सूर कुठे झुकतो, हे बाबांनाच जास्त चांगलं माहीत होतं.

बघेल त्यानेच भरायचं, या वर्गणीचा विचार ब्रिटनमध्ये नवा नाही. 1986 मध्ये बीबीसीच्या पैशांवर विचार करायला सरकारने नेमलेल्या अॅलन पीकॉक यांच्या समितीने लांबच्या पल्ल्यात वर्गणीकडे जावं असं सुचवलं होतं. तेव्हा अडचण तंत्राची होती आणि अर्धीअधिक अजून आहे. 2002 पासून घराघरात गेलेल्या, अँटेनावर फुकट वाहिन्या दाखवणाऱ्या फ्रीव्ह्यू बॉक्सांपैकी बहुतेकांत कार्ड घालायची खाचच नाही. पैसे न भरणाऱ्याचं चित्र बंद करायची सोय नसेल तर वर्गणी कशी घेणार? आयप्लेअरवर पासवर्ड लावून हे उद्या करता येईल, अँटेनावर नाही. आणि अँटेनावरची सेवा निदान 2034 पर्यंत चालू ठेवायचं ठरलेलं आहे.

हिशोबही बघण्यासारखा आहे. 2024-25 मध्ये लायसन्सं सुमारे 2 कोटी 38 लाख होती आणि उत्पन्न सुमारे 380 कोटी पौंड. समजा वर्गणी ऐच्छिक केली आणि निम्मी घरं गळली. खर्च तेवढाच ठेवायचा तर उरलेल्यांना वर्षाला 320 पौंडांच्या घरात भरावे लागतील. त्या दरात आणखी घरं गळतील. मग खर्च कापायचा. आधी कापलं जाईल ते कमी बघितलं जाणारं: प्रादेशिक बातम्या, लहान मुलांचे कार्यक्रम, शैक्षणिक साहित्य. वर्गणीवाल्या कंपनीच्या दृष्टीने हा शहाणपणाचा निर्णय असेल. सार्वजनिक प्रसारणाचं प्रयोजनच मात्र त्यात निघून जातं.

याच कापणीच्या यादीत एक नाव असं होतं ज्यामुळे बाबा जरा थबकले. पुण्यात असताना ते फोनवर रोज बीबीसी मराठी वाचतात. ही सेवा 2017 मध्ये सुरू झाली. बीबीसीच्या जागतिक सेवेचा मोठा वाटा 2014 पासून लायसन्सच्या पैशातून येतो, उरलेला ब्रिटिश परराष्ट्र खात्याकडून. 2024 पासून भारतातल्या भाषांचं काम ‘कलेक्टिव्ह न्यूजरूम’ या वेगळ्या भारतीय कंपनीकडे आहे, पण मजकूर वाचणाऱ्याला आजही फुकट मिळतो. म्हणजे ‘आम्ही तिचं काही बघत नाही’ हे पूर्ण खरं नव्हतं.

तरीही सध्याची पद्धत निर्दोष आहे असं म्हणणं धाडसाचं होईल. श्रीमंत आणि गरीब घराला एकच दर, न भरल्यास फौजदारी गुन्हा, आणि थेट की नंतरचं या फरकावर टांगलेला नियम, जो इंटरनेटच्या काळात रोज झिजतो आहे. शेजारच्या देशांनी वेगवेगळे मार्ग घेतले. जर्मनीत 2013 पासून टीव्ही असो नसो, प्रत्येक घराला महिन्याला ठरलेली रक्कम पडते, 2025 मध्ये ती 18.36 युरो होती. तिथे दारावर येऊन टीव्ही शोधायची गरजच उरली नाही. स्वीडनने 2019 मध्ये ती उत्पन्नाशी जोडून करासोबत घेतली. फ्रान्सने 2022 मध्ये लायसन्स रद्दच केलं आणि भरपाई मूल्यवर्धित कराच्या हिश्श्यातून दिली, त्यामुळे पैशांची दोरी सरकारच्या हाती गेली अशी तिथे टीका होते. बीबीसीची सध्याची सनद, म्हणजे तिचं काम आणि पैशांची व्यवस्था ठरवणारा दस्तऐवज, 31 डिसेंबर 2027 ला संपते, तोवर ब्रिटनला यातलं काहीतरी निवडावं लागेल. या घराच्या अनुभवावरून पाहिलं तर जर्मन पद्धत अधिक माणुसकीची वाटते. बाबांना ती मुळीच पटणार नाही, कारण तिच्यात ‘आम्ही बघत नाही’ म्हणायची वाटच नाही.

निकाल

ऑगस्टअखेर उत्तर आलं. लायसन्स घेतल्याची नोंद झाली आहे आणि या वेळी खटला भरला जाणार नाही. पहिलीच वेळ आणि लगेच घेतलेलं लायसन्स या दोन गोष्टी इथे कामी आल्या असं दिसतं. तसं प्रत्येकाला मिळेलच असं नाही, तो हक्क नव्हे. दरम्यान ओव्हलची पाचवी कसोटी भारताने सहा धावांनी जिंकली होती आणि ती नियमात बसून बघितली गेली.

ऑक्टोबरअखेर आई-बाबा परतले आणि नवा प्रश्न आला: लायसन्स रद्द करून पैसे परत घ्यायचे का? 1 नोव्हेंबरपासून आठ पूर्ण महिने उरत होते. आठ महिन्यांचे 116 पौंड परत येतील असं मुलाला वाटलं. तसं नव्हतं. हप्त्यांनी तोवर चारच हप्ते, म्हणजे 116 पौंड भरले गेले होते. वापरलेल्या चार महिन्यांचे 58 वजा जाता परतावा सुमारे 58 पौंडांचाच होता. शिवाय अट अशी की लायसन्सची मुदत संपेपर्यंत पुन्हा गरज पडणार नाही. मार्चच्या शेवटी आयपीएल सुरू होतं. 2026 च्या जूनमध्ये महिलांचा टी-ट्वेंटी विश्वचषक इंग्लंडातच होणार होता. एवढ्यात नात आयप्लेअरवरच्या लहान मुलांच्या कार्यक्रमांना चिकटली होती, आणि तिची आई त्यावर खूश होती कारण मध्ये जाहिराती नाहीत. रद्द करायचा विचार सोडून दिला.

कुठे वेगळं करता आलं असतं

आई-बाबांची तिकिटं काढली त्याच आठवड्यात जुनी नोंद बदलायला हवी होती. पाहुण्यांची यादी करताना घरात विमा, औषधं, सिमकार्ड सगळं आलं, टीव्ही आला नाही. मेच्या 1 तारखेला लायसन्स घेतलं असतं तर ते 30 एप्रिलपर्यंत चाललं असतं, पहिला हप्ता पडला असता 29 पौंडांचा आणि दारातला प्रसंग टळला असता.

दारात सुनेने ओळखपत्र नीट बघून, आत न घेता, नवऱ्याशी बोलून कळवते असं म्हणायला हरकत नव्हती. याचा अर्थ न बोलून सुटायचं असा नाही. लायसन्स तर घ्यावंच लागलं असतं. पण झोपेतून उठून, अर्धवट वाचलेल्या कागदावर सही करण्यापेक्षा शांतपणे लिहिलेलं पत्र केव्हाही बरं. आई-बाबांपैकी कोणी दार उघडलं असतं तर त्यांनी काय म्हणायचं, हेही आधी सांगून ठेवायला हवं. इंग्रजी जेमतेम येणाऱ्या पाहुण्याने असा जबाब देऊ नये, “सून संध्याकाळी असेल” एवढं पुरतं. लायसन्स लागतच नाही अशा घराला तपासनिसाला दारापर्यंत यायची न सांगता गृहीत धरलेली परवानगी लेखी पत्राने काढून घेता येते. पण मग वॉरंटचा मार्ग उघडा राहतो, आणि नियमित थेट बघणाऱ्याला त्या पत्राचा काही उपयोग नाही.

लायसन्स आणि जबाब एकाच नावावर असते तर पत्रव्यवहार सोपा झाला असता, हे वर आलंच आहे.

यातून निघालेला एक फाटा अजून सुटायचा आहे. लेस्टरला शिकणारा पुतण्या दिवाळीत म्हणाला, “काका, तुमच्याकडे लायसन्स आहे ना, मग मी माझ्या फोनवर बघतो.” विद्यार्थ्यांसाठी सवलत आहे: सुट्टीत ज्या घरी तो राहतो तिथे लायसन्स असेल, आणि फोन फक्त स्वतःच्या बॅटरीवर चालत असेल, चार्जरला जोडलेला नसेल, तर चालतं. पण त्याचं घर नागपुरात आहे, काकांचा पत्ता हा त्याचा पत्ता नाही. त्याच्या खोलीचा करार स्वतंत्र असेल तर त्याला स्वतःचं लायसन्स लागेल. सगळ्या मुलांनी मिळून एकच करार केला असेल तर घरभर एक पुरतं. तो करार शोधून बघतो म्हणाला आहे.